ट्रकच्या बुडाखालचा गंज: खाऱ्या आणि रेताड वाटेवर गाड्या चालवणाऱ्यांचे अनुभव

नागपूरला समुद्र नाही. तरी वाडीत किंवा कापसीत उभ्या असलेल्या गाड्यांखाली वाकून पाहिलं की बंदराच्या लाइनवरची गाडी कोणती, ते लगेच कळतं. चासीच्या चॅनलला, म्हणजे सांगाड्याच्या लांब पट्ट्यांना, पापुद्रे आलेले असतात, यू-बोल्टचे आटे बसलेले असतात, एअर टँकच्या पट्ट्या कुरतडल्यासारख्या दिसतात. माझं गॅरेज वाडीला आहे. मुंद्रा, कांडला, उरण, विशाखापट्टणम इथून परतणाऱ्या गाड्यांचं खालचं काम माझ्याकडे येतं, म्हणून हा धागा मी काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मीठ तिकडे लागतं, पण लोखंड पोखरलं जातं ते गाडी घरी आल्यावर, इथल्या पावसाळ्यात. त्यामुळे कोणता रंग मारला यापेक्षा गाडी खालून कधी आणि कोणत्या पाण्याने धुतली, हे मला मोठं वाटतं. तुमचं काय? कोणत्या कंपनीचा माल वापरला ते नको. काय केलं आणि किती पावसाळे टिकलं, ते लिहा.

कापसी, मिठाची वाहतूक

आमच्या गाड्या गांधीधामकडून मीठ आणतात, इतवारीतल्या व्यापाऱ्यांचं. रस्त्यावरून उडणारं मीठ थोडंच असतं हो, खरा त्रास वरून गळणाऱ्या पाण्याचा. कट्टे ओलसर असतात. त्यांतून सुटलेलं खारं पाणी फाळक्याच्या सांध्यांतून थेट क्रॉस मेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या पट्ट्यांवर, आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर टपकतं. म्हणून आम्ही ताडपत्री फक्त वरून टाकत नाही, कट्ट्यांच्या खालीही एक जाड प्लास्टिक अंथरतो आणि कडा वर वळवून घेतो. त्यात साचलेलं पाणी माल उतरल्यावर मागच्या बाजूने सोडायचं, ते चासीवर येऊ द्यायचं नाही.

माल उतरला की त्याच दिवशी धुणं. आधी गाडीच्या खाली साध्या पाइपने भरपूर पाणी मारायचं, म्हणजे चिखल भिजतो. मग प्रेशर. चॅनलच्या आतून, डिझेल टाकीच्या मागून, स्टेपनीच्या वर, मडगार्डच्या आत. चॅनलमध्ये पाणी निघायची भोकं असतात, ती वाळूने बुजलेली असली तर तारेने मोकळी करतो. भोक बुजलं की आत खारट चिखल महिनोन्‌महिने बसून राहतो, बाहेरचा रंग कितीही चांगला असला तरी. प्रेशरची धार व्हील बेअरिंगच्या सीलवर आणि वायरिंगच्या कनेक्टरवर धरू नका. आणि धुतल्यावर ग्रीस गन फिरवल्याशिवाय गाडी सोडू नका. पिनांमधलं ग्रीस पाण्याबरोबर जातं, जागा रिकामी राहते.

धरमपेठ, रसायनशास्त्र शिकवते

माझ्या माहेरी ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, म्हणून लिहिते. वाडीच्या भाऊंचं मत बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की चासीला चिकटलेलं मीठ नुसतं पडून राहतं, गंज जवळजवळ थांबलेला असतो. जुलै-ऑगस्टात मात्र पाऊस पडत नसतानाही ते ओलं राहतं. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतोच. मिठामुळे त्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि क्लोराइड लोखंडावरचा पातळ संरक्षक थर फोडतं, म्हणून वेग वाढतो.

कच्च्या समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. म्हणजे कच्चं मीठ वाहणारी गाडी हिवाळ्यातल्या सकाळीही आतून ओली असू शकते. पोत्यातलं मीठ ओलसर का लागतं, त्याचंही उत्तर हेच.

धुणं पुरलं का, हे पाहायची एक सोपी चाचणी आहे. शेवटच्या धुण्याचं, चासीवरून गळणारं पाणी काचेच्या बाटलीत घ्या. दुसऱ्या बाटलीत नळाचं कोरं पाणी घ्या. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे थोडे थेंब टाका. नळाच्या पाण्यातही थोडं क्लोराइड असतं, त्यामुळे तेही किंचित गढूळ होईल, पण चासीचं पाणी त्याहून स्पष्ट दुधाळ झालं तर मीठ अजून शिल्लक आहे. हातमोजे घाला, कातडीवर काळे डाग पडतात.

कळमना, ड्रायव्हर

भाऊ, मी एकच गोष्ट सांगतो. मुंबई लाइनवरून येताना पोरं मूर्तिजापूर-अकोल्याकडं ढाब्यावर गाडी धुऊन घेतात. थे खारपाणपट्ट्याचं पाणी हाय, बोअरचं. जमिनीतूनच खारट येते, लोकाइले प्यायले जमत नाही, शेतीले लावलं तं जमीन खराब होते. थ्या पाण्यानं गाडी धुतली तं मीठ काढलं का लावलं? मी तं बापा तिकडं काच पुसतो अन् पुढं निघतो. गाडी नागपुरात आल्यावर नळाच्या पाण्यानं धुतो, पेंचचं पाणी गोडं हाय.

धागा काढणारा

ही कळमन्याच्या भाऊंची गोष्ट सगळ्यांनी लिहून ठेवा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा आहे आणि आपली लाइन त्यातूनच जाते. नागपुरातही सगळ्या बोअरचं पाणी सारखं नसतं. वॉशिंग सेंटरवाल्याला पाणी कुठलं ते विचारा.

हिंगणा, चासीला रंग देण्याचं काम

सगळे विचारतात कोणतं कोटिंग टिकतं. मी उलट विचारतो, खाली लोखंड कसं आहे? मिठावर रंग मारला तर रंगाखालचं मीठ रंगातून पाणी ओढतं आणि फोड येतात. वरून काळीभोर गाडी, आतून पापुद्रा. म्हणून माझ्याकडे निम्म्याहून जास्त वेळ धुण्यात, वाळवण्यात आणि घासण्यात जातो. जुन्या गंजाच्या खड्ड्यांत क्लोराइड अडकून बसतं, ते एका धुण्यात निघत नाही. घासा, धुवा, वाळू द्या, पुन्हा घासा.

उघडं, चकचकीत लोखंड मिळालं तर झिंकचा प्रायमर. तो लोखंडाला प्रत्यक्ष चिकटला तरच काम करतो: झिंक आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. गंजावर किंवा जुन्या रंगावर मारलेला झिंक प्रायमर म्हणजे पैसे वाया. जिथे ब्रश पोचत नाही आणि घट्ट गंज उरतो, तिथे गंज बदलणारं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण, मग प्रायमर. त्यावर इपॉक्सी किंवा चासी ब्लॅक. चाकांच्या मागे, जिथे वाळू आणि खडी आपटते, तिथे कडक रंग टवके उडून जातो. तिथे रबरासारखं मऊ कोटिंग द्या. बंद पोकळ्यांत आणि दोन पत्र्यांच्या फटीत रंग जातच नाही, तिथे पातळ मेण फवारायचं, ते फटीत शिरतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं. फटीत गंज धरला की तो जाड पट्ट्यासुद्धा फाकवतो, रिव्हेट तुटतात.

डांबराचं कोटिंग स्वस्त आहे, पण नागपूरच्या ४५ अंशांत ते मऊ पडतं, त्यावर धूळ आणि वाळू बसते. मी ते कमी करत आणलं.

कशावर मारायचं नाही तेही सांगतो. सायलेन्सर, ब्रेक ड्रम, प्रोपेलर शाफ्ट, रबराचे बुश, ब्रेकच्या होज आणि पाणी निघायची भोकं. चासी नंबर तर मुळीच झाकू नका, फिटनेस तपासणीच्या वेळी तो वाचता आला पाहिजे. पॅराबोलिक पाट्यांवर ग्राइंडर लावू देऊ नका. ओरखड्यापासूनच चीर सुरू होते.

काम फेब्रुवारी-मार्चात करा. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की रंगातलं थिनर लगेच उडतं आणि थर नीट बसत नाही. पावसात लोखंडाला घाम येतो.

कामठी, रेतीचे टिप्पर

आमची रेती कन्हान नदीची, गोड्या पाण्याची. मीठ नाही, तरी रंग टिकत नाही, कारण ओली रेती चॅनलमध्ये बसून ओलावा धरते आणि चालत्या गाडीला घासत राहते. किनाऱ्यावरून आलेल्या गाडीला हे दोन्ही एकदम भोगावं लागतं. रेती आधी कोरडी असताना हवेच्या पाइपने उडवा, मग पाणी. ओली केली की कोपऱ्यात घट्ट बसते.

वर्धमाननगर, ऑफिस सांभाळते

मिस्टर गाड्या बघतात, हिशोब माझ्याकडे. जळालेलं ऑइल आणि डिझेल मिसळून खालून फवारायची आमच्या यार्डात जुनी पद्धत होती. मी ती बंद करायला लावली. पैशांमुळे नाही. बुश फुगून खराब होत होते, वाळू त्यावर चिकटून लेप होत होता, आणि पहिल्या पावसात ते सगळं यार्डातून नालीत जायचं. शेजारी विहीर आहे.

आता प्रत्येक गाडीच्या वहीत एक पान खालच्या अंगाचं आहे. बंदरावरून आली की धुतल्याची तारीख, कोणतं पाणी, ग्रीस केलं की नाही. एअर टँकमधलं पाणी रोज सोडलं का, ते ड्रायव्हरदादा स्वतः लिहितात. टाकी आतूनही गंजते हे कोणी लक्षात घेत नाही. वेल्डिंग झालं की त्याच पानावर नोंद, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा रंगही जळतो आणि तो पुन्हा मारायचा राहून जातो.

धागा काढणारा

ताई, ते वहीचं पान कसं आखलंय, त्याचा फोटो टाकाल का? माझ्या गॅरेजवर छापून ठेवतो. आणि विशाखापट्टणम लाइनवाल्यांपैकी अजून कोणीच लिहिलं नाही. तिकडे कारखान्यांचा धूर आणि समुद्राची हवा एकत्र लागते, त्या गाड्यांचं काय होतं ते मला ऐकायचंय.