दिवस भरण्याआधी : कुणाला विचारलं, कुणाला नाही?

सुरुवात मीच करते. 25 आठवडे पूर्ण व्हायला दोन दिवस होते आणि मला कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर बोलावलं आणि दार ओढून घेतलं. आत मी, हाताला सलाइन, पूर्ण शुद्धीत. बाळाला वाचवायला व्हेंटिलेटरवर ठेवायचं की प्रयत्न न करता नुसतं उबेत ठेवायचं, हे बाहेर ठरलं. प्रयत्न करायचे ठरले, मलाही तेच हवं होतं. मुलगी आज सहा वर्षांची आहे. तरी ते ओढलेलं दार मनातून जात नाही. विचारलं असतं तर मी वेगळं काही सांगितलं नसतं, पण विचारायला हवं होतं. तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. बाळ राहिलं नसेल तरी लिहा.

एक बाबा

आमचे 23 आठवडे 5 दिवस झाले होते. तिथला नियम 24चा, त्याआधी जन्मलेल्या बाळासाठी प्रयत्न करायचे नाहीत. दोन दिवसांनी कळा आल्या असत्या तर त्याच मजल्यावर, त्याच डॉक्टरांनी धावपळ केली असती. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीनेही तारीख पाच-सात दिवस मागेपुढे होऊ शकते, हे मला नंतर समजलं. म्हणजे ज्या रेषेवर सगळं ठरलं, ती रेषाच अंदाजाची होती.

त्याहून जास्त दुखतं ते इंजेक्शनचं. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइड देतात. त्याची पहिली मोठी चाचणी 1972 साली प्रसिद्ध झाली, म्हणजे हे काही नवं औषध नव्हे. ‘प्रयत्न करायचेच नाहीत’ म्हणून ते दिलं नाही, आणि मग ‘फुप्फुसं तयार नाहीत’ म्हणून प्रयत्न केले नाहीत. बाळाचं वजन, मुलगा की मुलगी, एकटं की जुळं, स्टेरॉइड मिळालं की नाही, या सगळ्याने शक्यता बदलते. आमच्याशी फक्त आठवड्यांवर बोलले. प्रयत्न करूनही तो कदाचित राहिला नसता, हे मला कळतं. पण हे सगळं समोर ठेवून आम्हाला विचारायला हवं होतं.

एक आई

आम्ही नको म्हणालो. 22 आठवडे. डॉक्टर खुर्ची ओढून बसले, दोन्ही वाटा सांगितल्या, आणि सकाळपर्यंत वेळ आहे म्हणाले. बाळ चाळीस मिनिटं माझ्या छातीवर होतं. ‘प्रयत्न तरी करायचा होता’ असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांच्यापैकी त्या खोलीत कुणी नव्हतं.

एनआयसीयूतली (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली) नर्स

माझी खंत वेगळी आहे. जे आईबाप मोठ्याने प्रश्न विचारतात, त्यांना डॉक्टर वीस मिनिटं देतात. जी आई मान खाली घालून बसते, तिला दोन वाक्यं आणि सहीचा कागद. मीही अनेक वर्षं तसंच वागले. आता राउंड संपला की आधी गप्प बसलेल्या आईकडे जाते आणि तिला काय समजलं ते तिच्याच शब्दांत सांगायला लावते. सही झालेली असते, आणि तिला वाटत असतं की बाळाला फक्त ऑक्सिजन लावलाय.

आणि कृपा करून आईला भेटीच्या वेळा लावू नका. कोलंबियातल्या बोगोटात 1978 साली बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा बाळं आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात झाली. तोच कांगारू उपचार जन्मानंतर शक्य तितक्या लगेच सुरू करा, असं जागतिक आरोग्य संघटना 2022पासून सांगते आहे. ती भेटायला आलेली नसते, ती उपचाराचा भाग असते.

29व्या आठवड्यात सिझेरियन झालेली

माझा रक्तदाब चढत होता, लघवीतून प्रथिनं जात होती. घरचे सगळे बाळाबद्दलच बोलत होते, आणखी एक आठवडा थांबता येईल का म्हणून. किडन्या माझ्या होत्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एकट्यांनी मला विचारलं, ‘तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’ मी म्हणाले, मी शुद्धीवर येण्याआधी बाळाचं बरंवाईट बाकी सगळ्यांना कळलेलं असेल, याची. त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं : बाळाची बातमी आधी आईला.