मदत हवी आहे: ई-मेलवर टपालाचा शिक्का कुठे बघायचा?

निवृत्त_टपाल

नमस्कार मंडळी. वय ६८. ३१ वर्षं पोस्टमनकी केली, त्यातली शेवटची १४ राजापूर तालुक्यात, एकाच बीटावर, म्हणजे वाटपाच्या ठरलेल्या फेरीवर. हा आयडी भाचीने काढून दिला. मजकूर मी फोनला तोंडी सांगतोय, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका फोनच्या खात्यावर टाका.

व्हॉट्सॅप मला येतं, वीजबिल भरता येतं. ई-मेलशी माझा संबंध नव्हता. गेल्या वर्षी आमच्या निवृत्तांच्या मंडळाचं चिटणीसपद गळ्यात पडलं आणि सगळा पत्रव्यवहार मेलवर आला.

परवा एक मेल आला. 'तुमचे पार्सल गोदामात अडकले आहे, पत्ता अपूर्ण आहे, २४ तासांत दुरुस्त करा.' वर आमच्याच खात्याचं लाल-पिवळं चिन्ह. माझा पत्ता अपूर्ण! 'तात्या, खालची वाडी' एवढंच लिहिलेली पत्रं मी तात्याच्या हातात दिली आहेत. रागाच्या भरात दाबली लिंक. नाव, पत्ता, फोन नंबर भरला. पुढच्या पानावर २५ रुपये भरा, कार्डाचा नंबर द्या. तिथे हात थांबला. कमी तिकिटाच्या पत्राला, म्हणजे नॉटपेडला, तुटीच्या दुप्पट पैसे घेतात हे खरं, पण ते पोस्टमन दारात येऊन घेतो. कार्डाचा नंबर कुठल्या पोस्टमनने मागितलाय?

तर मुख्य प्रश्न. कागदी पाकिटाच्या पाठीवर प्रेषक म्हणून कोणी काहीही लिहो, तिकिटावर शिक्का जिथला, पत्र तिथूनच निघालेलं. 'मुंबईहून लिहितो' म्हणणारा लांज्याच्या शिक्क्यात सापडायचा. मेलवर हा शिक्का कुठे असतो?

बाकीच्या अडचणीही इथेच सांगतो, वेगळा धागा काढायला भाची परत कधी येईल माहीत नाही. माझं जीमेलचं खातं फोन घेतला त्या दुकानातल्या पोराने उघडून दिलं. पासवर्ड त्यानेच ठेवला, मला ठाऊक नाही. दुसरं, 'जागा संपली' असं लाल अक्षरात येतंय आणि दोघे म्हणाले की तुम्हाला पाठवलेला मेल परत आला. तिसरं, वार्षिक सभेची सूचना ५८ जणांना पाठवली तर एकाने गुडघेदुखीमुळे येता येणार नाही असं कळवलं, ते सगळ्यांना गेलं. मग सगळ्यांनी सगळ्यांना गुडघ्यावरचे उपाय पाठवले. दोन दिवस तेच.

रात्रपाळी

काका, शिक्का आहे. फक्त पाकिटाच्या आत दडवलेला आहे.

मेलवर ठळक दिसतं ते नाव म्हणजे तुमची पाकिटाची पाठ. तिथे मी 'राष्ट्रपती भवन' लिहिलं तरी चालतं. त्या नावाखाली बारीक अक्षरात 'मला' किंवा 'टू मी' असतं, त्याच्या शेजारचा बाण दाबा. खरा पत्ता उघडेल. त्यात ॲटच्या चिन्हानंतरचा भाग बघायचा आणि तो उजवीकडून वाचायचा. सरकारी पत्ता डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इनवर संपतो, संपतो हे महत्त्वाचं. 'इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असं असेल तर मालक अमुकतमुक. पुढचं सगळं सजावट. लिंकचंही तसंच. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं डॉट बँक डॉट इनवर न्यायला सांगितलं होतं, त्यामुळे बँकेचं नाव सांगणारी लिंक दुसऱ्याच कशावर संपत असेल तर हात आखडता घ्या.

आता खराखुरा शिक्का. संगणकावर मेल उघडून तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' दाबा. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून आला त्या प्रत्येकाची नोंद तिथे असते, सर्वांत जुनी तळाला. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी असतात, म्हणजे मेल खरंच त्या पत्त्याच्या मालकाकडून आला का याच्या तपासण्या, आणि त्यांच्यापुढे पास किंवा फेल. फेल दिसलं तर बहुधा दुसऱ्याच्या नावाने टाकलेलं पत्र. तळाच्या नोंदी खोट्या घालता येतात, म्हणून आपल्या स्वतःच्या मेल कंपनीने मारलेल्या शिक्क्यावरच भरवसा ठेवायचा.

आणि पास म्हणजे माणूस सज्जन असं नाही. शिक्का लांज्याचा खरा, पण लांज्यात चोर नाहीत असं तो शिक्का सांगत नाही.

कोथिंबीर

दुकानदाराच्या पासवर्डचं आधी करा काका, सभा-गुडघे नंतर. पोरगा चांगलाच असेल, पण त्या खात्यात तुमचे फोटो आहेत, फोननंबर आहेत, आणि बँकेचे मेलही तिथेच येत असणार.

फोनच्या सेटिंगमध्ये 'गूगल', मग आपलं खातं, मग 'सुरक्षा'. तिथे रिकव्हरी फोन, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर कोड जातो तो फोन, म्हणून कोणाचा नंबर आहे बघा. दुकानाचा असेल तर काढून तुमचा घाला. मग पासवर्ड बदला. जुना विचारला तर 'पासवर्ड विसरलो' दाबा. फोनमध्ये खातं चालू असल्याने बहुतेक वेळा फोनचं कुलूप उघडून किंवा फोनवर आलेल्या सूचनेला होय म्हणून काम होतं. शेवटी त्याच पानावर 'तुमची उपकरणं' बघा, अनोळखी फोन किंवा संगणक दिसला तर साइन आउट करा.

एक खोच आहे. नंबर बदलल्यावरही ७ दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. आठवड्याने परत एकदा डोकावा.

नवा पासवर्ड वहीत लिहिला तरी चालेल. लोक हसतात, पण घरातली वही चोरायला कोणी परदेशातून येत नाही. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी मात्र नको. माझ्या सासऱ्यांनी एटीएमचा पिन तसाच ठेवला होता, कार्डासकट.

शेवगा

जागेचं मी सांगतो. फुकटात १५ जीबी मिळते, आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटो यांची मिळून. अँड्रॉइडवर व्हॉट्सॅपचा बॅकअपही त्यातच मोजतात. म्हणजे तुमचे मेल 'शुभ सकाळ'च्या व्हिडिओंमुळे परत जातायत. व्हॉट्सॅप, सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे 'व्हिडिओ समाविष्ट करा' बंद करा. मग जीमेलच्या 'स्टोरेज मॅनेज करा'मध्ये मोठ्या फायली आधी दाखवतात, त्या उडवा. केराची टोपलीही रिकामी करा, नाहीतर ३० दिवस तो कचरा तुमचीच जागा खातो.

५८ जणांसाठी बीसीसी. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे तुम्हाला मी काय सांगणार. बीसीसी ही गुपचूप काढलेली कार्बन. सगळे पत्ते तिथे टाका, 'टू'मध्ये स्वतःचा. एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही आणि 'रिप्लाय ऑल' दाबलं तरी ते फक्त तुमच्याकडे येतं.

जाता जाता: पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला, आणि विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तोही १५ ऑगस्टच, १९९५ चा.

निवृत्त_टपाल

वेलणकर आमच्या खात्याचे आणि संस्कृतचे कवी. आम्हाला त्यांचा अभिमान होता.

रात्रपाळी साहेब, उजवीकडून वाचायचं हे एका झटक्यात डोक्यात शिरलं. सॉर्टिंगला बसलेला माणूस पत्ता खालून वर वाचतो. आधी पिन, मग तालुका, गाव. नाव सर्वांत शेवटी, आणि तेही बीटवाल्यासाठी. पिनमधला पहिला ४ दिसला की थैली कुठल्या दिशेची ते ठरलं. परवा मी नाव आणि चिन्ह आधी वाचलं, तिथेच चुकलो.

तो मेल उघडून बघितला. कसलीतरी इंग्रजी अक्षरं आणि आकडे, शेवटी भलतंच काहीतरी. गव्ह नाही, इन नाही.

पण मी नाव, पत्ता, फोन देऊन बसलोय. आता काय?

रात्रपाळी

कार्ड नंबर, पिन, ओटीपी यांतलं काही दिलं नाहीत ना? मग पैसे गेलेले नाहीत. पण तुमचं नाव, पत्ता, नंबर आता एकत्र त्यांच्याकडे आहे, तेव्हा फोन येईल. नावाने हाक मारतील, वाडीचं नाव सांगतील, पोलीस किंवा कस्टमचे आहोत म्हणतील. फोनवरच तुम्हाला अटक केली म्हणतील, पण 'डिजिटल अटक' असा प्रकार कायद्यात नाही, फोन ठेवून द्यायचा. कोणी पैसे पाठवतो म्हणून यूपीआयचा पिन टाकायला सांगितलं तर तेही खोटं, पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधी खरोखर पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. उद्या मुलीला विचारून करतो असं नको.

निवृत्त_टपाल

कळवायला उशीर झाला, मध्ये आंब्याची गडबड होती.

रिकव्हरीला दुकानाचाच नंबर होता. बदलला. उपकरणांत एक जुना फोन दिसत होता, तोही काढला. दुकानात जाऊन पोराला सांगितलं, तर तो म्हणाला, काका, मी सगळ्यांचा एकच पासवर्ड ठेवतो, लक्षात राहतो. बाजारातले किती जण त्या एका किल्लीत आहेत देव जाणे. आता रोज एकेकाला धरून बदलून देतोय.

१५ पैकी ९ जीबी शुभ सकाळ निघालं. फोन आलाच होता, कस्टमचा, हिंदीत. मी म्हटलं पत्ता तर अपूर्ण आहे, मग नंबर कसा मिळाला? ठेवला त्याने.

पुढच्या सभेची सूचना बीसीसीने ५८ जणांना पाठवली. गुडघे शांत. तीन परत आले. त्यातल्या दोघांच्या पत्त्यात जीमेलचं जीमाल झालं होतं, एकाची जागा भरलेली.

एक मात्र विचारायचं राहिलं. आमच्यातले एक जण दिवाळीत गेले. त्यांचं नाव यादीत तसंच होतं, मेल त्यांनाही गेला. कागदी पत्र असतं तर आम्ही 'मयत' असा शेरा मारून परत पाठवलं असतं. हा परत आला नाही. तो कुठे गेला?

रात्रपाळी

त्यांच्या पेटीत पोचला, काका. खातं चालू आहे तोवर मेल येत राहतात. २ वर्षं कोणी ते उघडलं नाही तर गूगल खातं काढून टाकू शकतं, मग परत यायला लागतील.

निवृत्त_टपाल

२ वर्षं? आम्ही रजिस्टर पत्र ७ दिवस ठेवून परत करायचो.

बरं. यादी सध्या ५८ चीच राहू दे.