बेंजो वाजवताना समोरचे पैसे चोरीला जातायत, मदत हवी आहे

बेंजोवाला_जळगाव
अर्जंट मदत पाहिजे. रस्त्यावर वाजवायला बसतो तिथे समोर ठेवलेले पैसे चोरीला जातायत, लागोपाठ तिसरा रविवार झाला. डोळे उघडे ठेवून वाजवतो तरी कधी जातात कळत नाही आणि कळलं तरी मध्येच हात सोडता येत नाहीत. माणूस येतो, उभा राहून ऐकतो, वाकतो आणि निघून जातो, आपल्याला वाटतं टाकून गेला. नंतर बघावं तर नाणी तेवढी राहिलेली असतात, नोटा गायब. कॅमेरा घ्या वगैरे सांगू नका, तेवढे पैसे असते तर इथे विचारलं नसतं. उद्या संध्याकाळी परत बसायचंय, लवकर सांगा.

केळीबाग
अरे भाऊ पण कुठे बसतो, पैसे कशात ठेवतो, किती गेले, सोबत कोणी असतं का, काहीच सांगितलं नाही तर काय सांगणार?

बेंजोवाला_जळगाव
जळगावलाच, मेहरूण तलावाच्या बाजूला, संध्याकाळी लोकं फिरायला येतात तिथे. पेटीत ठेवतो. किती गेले ते मोजलं नाही पण शंभराची नोट एका काकांनी टाकलेली मी स्वतः बघितली होती, गाणं संपलं तेव्हा नव्हती.

डिजिटल_भुसावळ
२०२६ साल चालू आहे आणि तुम्ही अजून रोख घेताय? क्यूआर कोड लावा, विषय संपला. भाजीवाल्यापासून पाणीपुरीवाल्यापर्यंत सगळ्यांकडे आहे. रोख नाही तर चोरी नाही.

पांझराकाठ
विषय संपत नाही दादा. आमच्या धुळ्याला माझ्या चुलत्याच्या रसवंतीवर कोणीतरी त्याच्या क्यूआरवर स्वतःचा क्यूआर चिकटवून गेलं होतं, दोन दिवस गिऱ्हाईक पैसे देत राहिलं आणि जमा दुसऱ्याच्या खात्यात. ज्याने क्यूआर लावला असेल त्याने रोज सुरुवातीला स्वतः एक रुपया पाठवून नाव कोणाचं येतं ते बघावं. आणि असं झालं तर लगेच १९३० ला फोन करायचा, सायबरवाल्यांचा नंबर आहे, जितका उशीर तितकं पैसे अडवणं अवघड.

डिजिटल_भुसावळ
मग साउंडबॉक्स घ्या, आपला असेल तर बोलेल, दुसऱ्याचा असेल तर बोलणार नाही. लगेच कळतं.

सुरेल_चाळीसगाव
गाणं चालू असताना मध्येच 'दहा रुपये प्राप्त झाले' असं ओरडणारा डबा ठेवायचा? दादा, तुम्ही कधी वाजवलंय का? अंतऱ्यात जाताना ते वाजलं की ऐकणारा तुटतो आणि वाजवणारा पण.

डिजिटल_भुसावळ
आवाज कमी करता येतो. उगाच काहीतरी खुसपट काढू नका.

बेंजोवाला_जळगाव
क्यूआर नको आत्ता. फोन एकच आहे आणि तो तालाचा ट्रॅक लावायला स्पीकरला जोडलेला असतो. आणि माझ्याकडे थांबतात ते जास्त करून वयस्कर लोक, रिटायर झालेले, त्यांच्या हातात फोन नसतोच, खिशातून नोट काढून देतात. माझा प्रश्न पेटीचा आहे.

इतिहासाची_आवड
थोडं अवांतर, पण बेंजोबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहितो. ज्याला आपण बेंजो म्हणतो ते बुलबुलतरंग, आणि ते मूळ जपानी तैशोगोतो या वाद्यावरून आलंय. नागोयाला १९१२ साली गोरो मोरिता यांनी ते बनवलं, टाइपरायटरसारखी बटणं त्यात त्यांनीच आणली. तिथून आपल्याकडे आलं आणि लग्नाच्या वरातीत असं मुरलं की आता आपलंच वाटतं. जळगावात कोणी ते रस्त्यावर वाजवतंय हे वाचून फार बरं वाटलं. तारा कुठून आणता?

बेंजोवाला_जळगाव
तारांचं नंतर सांगतो, आधी पैशाचं सांगा.

बुक_करणारा
हळदीचा कार्यक्रम घेता का? पाचोऱ्याजवळ आहे. रेट सांगा.

क्लॅरोनेट_मास्तर
बाळा, मी १८ वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं, एरंडोल अमळनेर चोपडा सगळा पट्टा फिरलो, म्हणून सांगतो. वरातीत नवरदेवावरून नोट ओवाळली की ती आमच्याकडे यायच्या आधी पोरंटोरं झडप घालायची. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, तोंडात क्लॅरोनेट, बोलायचीही सोय नाही. तेव्हा आमच्या मालकाने एक माणूस फक्त नोटांसाठी ठेवला होता. त्याच्या कमरेला कापडी पिशवी, बाकी कोणीही नोटेला हात लावायचा नाही, मालकाने सुद्धा नाही, आणि वरात संपली की जनरेटरच्या गाडीच्या उजेडात सगळ्यांदेखत मोजायची. त्या दिवसापासून आमच्यातली भांडणं पण बंद झाली.
आता तू सांगतोस तो माणूस. तो एक तर सुट्टे काढतो असं दाखवत असणार. दहाची टाकायची, दोन बोटांनी पन्नासची उचलायची, आजूबाजूच्याला वाटतं सुट्टे घेतले. हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुझी पेटी तुझ्यापासून किती लांब असते? आणि उघडी असते का?

बेंजोवाला_जळगाव
चार हात लांब असेल मास्तर. बेंजोचीच पेटी, झाकण उघडून ठेवतो. जवळ ठेवली तर लोकं यायला लाजतात, लांबून टाकून जाणं त्यांना बरं पडतं. नजर तर बटणांवर असते, डावा हात चुकला की सगळंच चुकतं. पेटीशी मावसभाऊ बसतो, सहावीला आहे.

केळीबाग
हे पहिल्यांदा सांगायला पाहिजे होतं ना भो! म्हणजे पेटीशी माणूस आहे आणि तरी पैसे जातात?

अहिराणी_मन्ही_माय
भाऊ, राग नको मानू, पन चोर जवळनाच ऱ्हास. पोरगाले इचारी पाह्य.

बेंजोवाला_जळगाव
त्याच्यावर जाऊ नका. तो माझ्याकडे सुट्टीत राहायला येतो, घरी निघताना मी त्याला पन्नास देतो ते पण मावशीला नेऊन देतो. वाटलं तर धागा बंद करतो मी.

क्लॅरोनेट_मास्तर
धागा बंद करू नको. ताईंनी सरळ सांगितलं, त्यांचा हेतू वाईट नाही. पण बाळा, पोराने घेतले का हे विचारू नको, पोराला काय दिसलं ते विचार. दोन्हीत फार फरक आहे. ते वय असं असतं की मोठा माणूस काही बोलला की पोरगं गप्प बसतं.

कोर्टकचेरी_नंदुरबार
पोलिसांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी वकिली करते. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि रक्कम परत केली तर समाजसेवेची शिक्षा आहे, आणि अशी चोरी अदखलपात्र असल्यामुळे ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतात, लगेच कोणाला उचलत नाहीत. तेव्हा शंभराच्या नोटेसाठी मोठी अपेक्षा ठेवू नका. पण तुमच्या अंगाला हात लावला, हिसकावून घेतलं, धमकी दिली तर गोष्ट वेगळी, तेव्हा ११२ लावायचा.
आणि एक महत्त्वाचं. आपल्या राज्यात १९५९ चा भीक मागण्याला बंदी करणारा कायदा अजून आहे आणि त्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागी गाणं, नाच, खेळ करून पैसे घेणं पण बसवलेलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. म्हणून बसायच्या आधी पोलीस स्टेशनला आणि महापालिकेला लेखी अर्ज द्या, स्पीकर वापरता हेही त्यात लिहा, आणि पोच जवळ ठेवा.

सुरेल_चाळीसगाव
म्हणजे तो भिकारी? चार तास घाम गाळून वाजवणारा माणूस भिकारी कसा होतो ताई? वासुदेव, गोंधळी, वहीगायन करणारे आपले खानदेशातले लोक, हे सगळे भिकारी?

कोर्टकचेरी_नंदुरबार
मी म्हणत नाही, कायदा म्हणतो, आणि मला ते पटत नाही म्हणूनच सांगतेय. उद्या हा मुलगा तक्रार द्यायला गेला आणि समोरच्याने 'तू इथे कशाला बसला' असं उलट विचारलं तर त्याच्या हातात कागद असावा एवढंच. माझ्या आजोबांनी गोंधळ घातलाय गावोगावी, मला कोणी शिकवू नये.

सुरेल_चाळीसगाव
माफ करा, तसं म्हणायचं नव्हतं.

सप्तशृंगीभक्त
आमची तर गडावर चपलाच गेली. नवी होती. लोकं देवाला पण घाबरत नाहीत, पेटीला काय घाबरतील.

पांझराकाठ
अमळनेरला वैशाखात बोरीच्या पात्रात यात्रा भरते तिथे आमच्या आत्याचं पाकीट गेलं होतं. गर्दीत काही खरं नाही.

केळीबाग
चपलांचा वेगळा धागा काढा. भाऊ, पोराला विचारलं का?

बेंजोवाला_जळगाव
विचारलं. मास्तर म्हणाले तसंच विचारलं, पैसे कुठे गेले असं नाही विचारलं, कोण कोण येतं ते सांग म्हटलं. आधी काही बोलला नाही. मग जेवताना म्हणाला, भाऊ तो चेकचा शर्टवाला काका येतो ना तो मला म्हणतो 'सुट्टे घेतो रे', मला वाटलं तुझ्या ओळखीचा आहे कारण तो तुझ्याकडे बघून मान हलवतो. आणि मी पण वाजवता वाजवता मान हलवतो ना, सगळ्यांनाच हलवतो, दाद दिली की. त्याला वाटलं मी हो म्हणालो. तीन रविवार तो पोरगा ते बघत होता आणि मी चिडेन म्हणून गप्प होता. मला रात्रभर झोप नाही लागली. पैशाचं नाही, पण त्याने मला सांगायला घाबरावं याचं फार लागलं.

क्लॅरोनेट_मास्तर
आता त्याला घट्ट जवळ घे आणि काम दे. ऐक. पत्र्याचा डबा घे, किराणा दुकानात रिकामा मिळतो, झाकणाला वरून फट पाडून आण कोणाकडून, कडा हातोडीने आत ठोकून घे म्हणजे कोणाचं बोट कापणार नाही. झाकणाला बारीक कुलूप. डबा जमिनीवर नको, तुझ्या उजव्या गुडघ्याला लागून, साखळीने बेंजोच्या स्टँडला बांधलेला. पेटी पुढे ठेवायची असेल तर ठेव पण त्यात फक्त नाणी, बोहणीची. दर दोन गाण्यांनी पोराने पेटीतल्या नोटा उचलून डब्यात टाकायच्या, हे त्याचं काम. आणि सुट्टे कोणी मागितले तर 'भाऊला विचारा' एवढंच म्हणायचं, भांडायचं नाही. किल्ली तुझ्या गळ्यात.

डिजिटल_भुसावळ
आणि डब्यावर क्यूआर चिकटवा.

सुरेल_चाळीसगाव
दादा!!

अहिराणी_मन्ही_माय
पोरगावर मी शक लिना, माफ कर भाऊ. त्याले मन्हा आशीर्वाद सांग.

बेंजोवाला_जळगाव
सांगितलं ताई, हसला.

बेंजोवाला_जळगाव
रविवारचं सांगतो. शेवटी पेटी ठेवलीच नाही, फक्त डबा, मास्तरांनी सांगितला तसाच, साखळी सायकलची जुनी होती ती लावली. तो माणूस आला. चेकचा शर्ट नव्हता, पण पोराने गुडघ्याला हात लावून खूण केली. उभा राहिला, वाकला, डबा बघितला, पोराला म्हणाला सुट्टे दे रे. पोरगं म्हणालं भाऊला विचारा. मी तेव्हा मान हलवलीच नाही, सरळ त्याच्याकडे बघत वाजवत राहिलो, एक बटण चुकलं पण बघत राहिलो. दहा एक सेकंद थांबला आणि फूटपाथने निघून गेला. घरी कुलूप उघडून मोजले, ४१० रुपये निघाले, पोरानेच मोजले. शंभर त्याला दिले. अर्ज पण लिहायला घेतलाय ताई, बुधवारी देणार आहे.
एक अडचण आहे. एक आजी नेहमी येतात, लुगड्याच्या घोळात बांधलेली दहाची नोट काढतात, ती बारीक चार घड्या घातलेली असते, त्या फटीत जाईचना. दोन मिनिटं तशाच उभ्या होत्या आणि मला वाजवणं सोडता येत नव्हतं, शेवटी पोराने घडी उघडून टाकली. फट मोठी केली तर बोटं जातात. काय करू?

क्लॅरोनेट_मास्तर
फट मोठी करू नको. त्या आजी आल्या की वाजवणं थांबव, उठ आणि हातात घे.