मदत हवी आहे: बायफोकल चष्मा (वर लांबचा, खाली जवळचा नंबर) घेऊ, की प्रोग्रेसिव्ह (एकाच भिंगात वरून खाली हळूहळू बदलणारा नंबर)?

मंडळी, वय ४५, लांबचा चष्मा कॉलेजपासून, दोन्ही डोळ्यांना उणे २.५०. म्हापशाला औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो. गेले चार-सहा महिने गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी वाचायला चष्मा कपाळावर चढवावा लागतो. चष्म्याशिवाय वीतभरावर सगळं लख्ख दिसतं, पण मान वर केली की गिऱ्हाइकाचा चेहरा धूसर. दिवसातून शंभरदा ही कसरत!

डोळे तपासून झालेत. लांबचा नंबर तोच, जवळसाठी अधिक १.२५ची भर. मोतीबिंदू नाही, डोळ्याचं प्रेशर, साखर ठीक. बाजारातला तयार वाचायचा चष्माही लावून पाहिला (शुद्ध मूर्खपणा, उणे नंबरवाल्याला त्याचा काय उपयोग!). चष्मेवाला महागड्या प्रोग्रेसिव्हचाच आग्रह धरतोय, त्यामुळे शंका येते.

अडचणी अशा: वरच्या फळीवरची लेबलं मान वर करून वाचावी लागतात आणि बायफोकलची जवळची खिडकी तर खाली असते. स्कूटरवरून रोज पर्वरी-म्हापसा. घराला चिऱ्याच्या अकरा पायऱ्या, पावसात शेवाळलेल्या. उतरताना खालच्या भिंगातून पायरी पुसट दिसते म्हणतात. दोन चष्मे नकोत, एक हमखास हरवेन.

काउंटरवर उभ्याने काम करणाऱ्या कुणी दोन्ही वापरलेत का? सवय व्हायला किती दिवस गेले? आणि वरच्या फळीचं तुम्ही काय करता?