मदत हवी आहे: ठाणे ते रायगड, वाटेत इमॅजिका

नमस्कार मंडळी. दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन ठाण्याहून गाडीने निघतोय. पहिल्या दिवशी खोपोलीजवळ इमॅजिका, मग पाली-वाकण मार्गे माणगाव आणि रायगड, असा बेत आहे.

गडावर मला अजिबात घाई नकोय. १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला ती जागा, समाधी, आणि जगदीश्वराच्या पायरीवरचं 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर' हे मुलांना स्वतः वाचू द्यायचंय. खाली पाचाडला जिजाऊंची समाधीही बघायची आहेच.

मुक्काम पालीत करावा (बल्लाळेश्वराचं दर्शनही होईल) की रात्रीच पाचाड गाठावं? सासूबाईंचे गुडघे दुखतात, रोपवेनंतर त्यांना किती चालावं लागेल? वाटेत घरगुती जेवण कुठे चांगलं मिळेल?