हलका पीडीएफ व्ह्यूअर न जमणारे सगळे आळशी?

मुद्रितवाचक: "जुना अवजड पीडीएफ व्ह्यूअर फेकून द्या, हलका घ्या, न जमणारे नुसते आळशी," अशी पोस्ट काल वाचली. आळशी? मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. नजर ओळीवर, बोटं कळांवर. हलका व्ह्यूअर घेतला आणि स्पेस दाबली की पान भलत्याच जागी सरकायला लागलं. ओळ हरवली की वेलांटी सुटते आणि ती तशीच छापली जाते. दोन पानं शेजारी लावली तर मुखपृष्ठाशेजारी पहिलं पान, मग पुढची सगळी डावी पानं उजवीकडे. शेरे मारायचं बटण दिसेना. शेरे फाईलमध्ये उतरलेच नव्हते, हे डीटीपीवाल्याचा फोन आल्यावर कळलं. फाईल पटकन उघडते, मान्य. पण माझं काम उघडल्यानंतर सुरू होतं.

हलकाफुलका: पोस्ट माझी. सुमात्रा हा माझा हलका व्ह्यूअर, त्यात 'बुक व्ह्यू' आहे, मुखपृष्ठ एकटं राहतं. मजकूर निवडून इंग्रजी ए दाबा, हायलाइट होतो. मेन्यू उघडायचीही तयारी नसेल तर दुसरा शब्द काय वापरू?

मुद्रितवाचक: ए दाबायचा हे पडद्यावर कुठे दिसतं? न दिसणारी सोय माझ्यासाठी नसल्यासारखीच.

सहीशिक्का: आम्हा सीए लोकांचं काय? सातबाऱ्यावरची डिजिटल सही सुमात्रात पडताळता येत नाही. कंपन्यांचे जुने ई-फॉर्म एक्सएफएचे, म्हणजे पीडीएफच्या आत भरायच्या फॉर्मची वेगळीच रचना. बहुतेक व्ह्यूअरमध्ये 'प्लीज वेट' एवढंच पान दिसायचं. शेवटच्या तारखेच्या रात्री हे बघितलेला माणूस 'हलका घ्या' म्हणणार नाही.

पेंग्विनवाला: सही ओक्युलर हा व्ह्यूअरही पडताळतो, फुकट. पीडीएफ 2008 पासून आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि 2017 च्या पीडीएफ 2.0 मध्ये एक्सएफए कालबाह्य ठरवलंय. दोष फॉर्म काढणाऱ्यांचा.

सहीशिक्का: दंड अशिलाला बसतो, मानकाला नाही.

जुनीकात्रणं: बटणांवर कसले भांडताय! मराठी पीडीएफमध्ये शब्द शोधून दाखवा. स्थानिक इतिहासावर काम करतो. गावाचं नाव पानावर डोळ्यांना दिसतं, शोधलं तर 'सापडलं नाही'. कॉपी केलं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. प्रत्येक व्ह्यूअर करून झाला.

पेंग्विनवाला: व्ह्यूअर काय करणार? श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'क'चं चित्र इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेलं असतं. फाईलमध्ये मराठी नसतंच, चित्र तेवढं मराठी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, केलेल्या फाईलमध्येही अक्षरांची नोंद नीट नसेल तर पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं उलटसुलट होतात.

जुनीकात्रणं: म्हणजे दोष छापखान्यांचा. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली आणि अजून श्रीलिपी! पुढच्या पिढीचा शोध तुम्ही बंद करून ठेवताय.

पानजुळारी: तोंड सांभाळून बोला. पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर आयुष्य गेलं माझं, त्यात युनिकोड मराठी चालतच नव्हतं. त्यानंतरच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय 2012 च्या सीएस6 आवृत्तीपासून. नवं सॉफ्टवेअर, नवे फॉन्ट, सगळा जुना मजकूर बदलून पुन्हा तपासायचा, हे पैसे कोण देणार? प्रकाशक पानाच्या दरात एक रुपया वाढवत नाही.

जुनीकात्रणं: 2012 म्हणजे काल नव्हे.

मुद्रितवाचक: पानजुळारींचं खरं आहे. बदललेल्या मजकुराची मुद्रितं मी तपासलीत, रफार कुठल्याकुठे जातात. तो वेळ कुणी मोजत नाही.

हलकाफुलका: विषय कुठे गेला बघा. ठीक, 'आळशी' मागे घेतो, मुद्रितं तपासणाऱ्यांपुरता. बाकीच्यांनी मेन्यू उघडावाच.

सहीशिक्का: सीएंपुरताही घ्या.

हलकाफुलका: सहीपुरता घेतो. एक्सएफएबद्दल पेंग्विनवाल्यांच्या बाजूने.

पानजुळारी: जुनीकात्रणं, तुमच्या गावाचं पुस्तक पाठवा. एक प्रकरण युनिकोडमध्ये करून देतो, मग खर्च किती येतो तो प्रकाशकाला तुम्हीच सांगा.