पश्चिमेच्या सैपाकघराला आतून पडदा नको, बाहेरून ताटी पाहिजे

आर्वीवाली
कवेलूची घरं पाडून आता गावोगाव स्लॅबची घरं झाली. जुन्या सैपाकघराला हातभर झरोका असायचा, नव्याला चार फुटी सरकत्या काचेची खिडकी आली. उजेड छान पडतो, पण खिडकी पश्चिमेला असली तर मार्च लागला की दुपारनंतर ओट्याशी उभं राहवत नाही. मग बाजारातून पडदा येतो.

माझं म्हणणं ठाम आहे. अशा खिडकीला आतून पडदा लावून काही होत नाही. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता घरातच राहते. मे महिन्यात चार वाजता पडद्याला हात लावून पहा, नुकती इस्त्री फिरवल्यासारखा लागतो. ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे. बांबूची ताटी, बारीक काड्यांचा चिकाचा पडदा, नाहीतर कृषी केंद्रात मीटरवर मिळणारी हिरवी शेडनेट, काहीही चालेल. फक्त ते भिंतीपासून वीतभर दूर टांगा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. शेडनेट ७५ टक्क्यांची, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी घ्या. ९० ची घेतली तर दिवसाही दिवा लावावा लागतो.

पॉलिस्टरचा पडदा तर शेगडीजवळ नकोच. तो पेटला तर वितळून अंगाला चिकटतो.

वणीची सून
ताई, पॉलिस्टरचं पटलं. पण सरसकट पडदा नको म्हणता, ते नाई पटलं. माही खिडकी रस्त्यावर हाये. जाणारा-येणारा ओट्यावर काय शिजते ते पाहत जाते. मी जुन्या सुती लुगड्याचा अर्धा पडदा केला, तारेवर ओवला, खिडकीच्या खालच्या भागाले. वरून उजेड येते, खालून आडोसा राहते. फोडणीचा तेलकटपणा बसला की काढला, सोड्यात भिजवला, धुतला. तुमच्या ताटीवर धूळ आन तेल बसलं तर ते कोण घासन?

आन वावधन आलं म्हंजे? एप्रिल-मे मधे सायंकाळी अवकाळी येते तेव्हा टिनं उडतात, ताटीचं काय घेऊन बसल्या!

आर्वीवाली
वणीच्या ताई, आडोशासाठी पडदा हवा हे मान्य. पण तुम्ही आडोशाचं बोलता, मी उन्हाचं. तुमच्या अर्ध्या पडद्याच्या वरून जे ऊन येतं ते थेट तोंडावर येतं. वावधनाचं म्हणाल तर ताटी वर दोन हुकांना अडकवायची आणि खाली नुसती सुतळीने बांधायची. आभाळ भरून आलं की सुतळी सोडून गुंडाळून घ्यायची.

दारव्ह्याचा गवंडी
मला दोघींचंही पटत नाही. लोक मला म्हणतात, छज्जा वाढवून दे. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा कामाचा, पश्चिमेला नाही. मे अखेरीस आपल्याकडे दुपारी बाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, नंतर तो खाली उतरत वायव्येकडे जातो. दोन फुटी छज्जा चार वाजता खिडकीवर जेमतेम दीड फूट सावली टाकतो आणि पाचला फूटभरही नाही. खिडकी चार फूट. पैसा वाया.

माझ्या मते काचेबाहेर लाकडाच्या नाहीतर पत्र्याच्या उघडझाप झडपा बसवा, पत्रा असला तर पांढरा रंग द्या. दुपारी बाराला बंद, दिवस बुडाला की उघडा. बाहेरची हवाच ४५ अंशांची असताना ती आत घेऊन काय करायचं? जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना झडपा होत्या त्या याचसाठी.

वणीची सून
भाऊ, झडपा लावून शेगडी पेटवली तर माणसानं श्वास कुठून घ्यायचा? संध्याकाळच्या भाकरी सहाला सुरू होतात, तवाही ऊन असते. तुम्ही बाहेर उभे राहून खिडकी पाहता, मी आत उभी राहते.

दारव्ह्याचा गवंडी
वहिनी, शेगडी पेटली की एक झडप आणि परसदार उघडं ठेवायचंच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली साचतो, म्हणून नुसत्या खिडकीवर विसंबू नये. दाराच्या तळाशीही जाळीची फट ठेवा, हे मी प्रत्येक घरी सांगतो.

मूलकडचा
आमच्याकडे बांबू भरपूर, बुरडही आहेत, म्हणून ताटीबद्दल सांगतो. घेताना आधी विचारा, बांबू पाण्यात भिजवून ठेवला होता का. भिजवलेला नसला तर भुंगा लागतो आणि त्याचं बारीक पीठ झडत राहते, तेही ओट्यावर. दुसरं, आमच्या गावात वानरं येतात. ताटीला लटकून एका दिवसात तिच्या काड्या करतात. शेडनेट फाडतात, पण नवी लावायला खर्च कमी येते. म्हणून मी नेटच्या बाजूचा.

कोणी वाळ्याची ताटी सुचवण्याआधी सांगतो: कोरड्या उन्हात पाणी मारलं तर ती खरंच गार करते, पण मे मधे विहिरीनं तळ गाठला असताना खिडकीवर पाणी कोण ओतन? मृग लागून हवा दमट झाली की थंडावाही जाते आणि कुबट वास येते.

लाखनीकर
सगळे उन्हाळ्याचंच बोलता आहात. आमच्या धानाच्या पट्ट्यात पावसाळाभर भिंती ओल्या असतात, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, डाळीला जाळी धरते. पाऊस उघडल्यावर तीच पश्चिमेची खिडकी सैपाकघर कोरडं करते. म्हणून कायमचं काही ठोकू नका, ना झडपा ना घट्ट बांधलेली नेट. जूनमध्ये काढा, होळीनंतर लावा.

वेल चढवा असं आमच्याकडे सांगतात, त्यातही पाहून घ्या. गुळवेलाची पानं नेमकी उन्हाळ्यात झडतात.

आर्वीवाली
लाखनीकर, काढण्या-घालण्याचं तुमचं म्हणणं मी घेते. ताटी हुकावर असली तर ते सोपंच आहे, आणि झडपांपेक्षा ताटी बरी ती याचमुळे. वानरं असतील तिथे नेट लावा. वणीच्या ताई, तुम्हीही बाहेरून नेट लावून पहा. दिवसा नेटच्या बाहेरून आतलं काही दिसत नाही, मग रस्त्याचीही अडचण राहत नाही.

वणीची सून
नेट लावतो ताई, उन्हाचं तुमचं खरं हाये. पण पडदा काढत नाई. दिवसा नेटमधून आतलं दिसत नसन, पण सायंकाळी आत लाइट लागला की रस्त्यावरून सारंच दिसते. आन सैपाकाचा मोठा वेळ तोच असते.